झाकण उघडलं की क्रिस्टल तडकतो: आयसोप्रोपेनॉलमधल्या प्रोटीन क्रिस्टलसाठी तपासणीचा क्रम

"ताई, काल इतके सुंदर क्रिस्टल होते, आज लूपमध्ये घ्यायला गेले तर काही उरलंच नाही." लॅबमध्ये नवीन आलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडून हे वाक्य मी कधी ना कधी ऐकलंय. मी विचारते, कंडिशनमध्ये (ज्या द्रावणात क्रिस्टल वाढवला त्यात) काय आहे? उत्तर ठरलेलं असतं: आयसोप्रोपेनॉल. कधी इथेनॉल, क्वचित अ‍ॅसिटोन. मग आम्ही दोघी प्लेट घेऊन मायक्रोस्कोपशी बसतो आणि तीच तपासणी पुन्हा पहिल्यापासून करतो. ती एकदाची लिहून ठेवतेय. अगदी नवख्यांसाठी दोन ओळी: प्रोटीनची रचना एक्स-रेने बघायला त्याचा क्रिस्टल लागतो. तो प्लेटच्या छोट्या खळग्यात, म्हणजे वेलमध्ये, बंद करून वाढवतात: द्रावणाचा मोठा साठा म्हणजे रिझर्व्हॉयर, त्याच्या वर किंवा शेजारी प्रोटीनचा थेंब म्हणजे ड्रॉप. तयार क्रिस्टल बारीक फासात, म्हणजे लूपमध्ये, पकडून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात आणि एक्स-रेच्या झोतात, म्हणजे बीममध्ये, धरतात.

आमचं स्वतःचं दुखणं होतं ते एका एन्झाइमचं: २२ टक्के आयसोप्रोपेनॉल, ०.२ मोलर कॅल्शियम क्लोराइड, ०.१ मोलर सोडियम अ‍ॅसिटेट, पीएच ४.६. पुढची बहुतेक उदाहरणं त्यातलीच आहेत.

आधी लक्षणं

- प्लेट बंद असताना क्रिस्टल स्वच्छ, कडा धारदार. टेप काढल्यावर अर्ध्या-एक मिनिटात ड्रॉपमध्ये भोवरे उठतात, क्रिस्टल गोल फिरायला लागतो, कडा गोलसर होतात किंवा अंगावर चिरा येतात.
- हँगिंग ड्रॉप (झाकणाच्या काचेला उलटा लटकवलेला थेंब) कव्हरस्लिपवर, म्हणजे त्या काचेवर, पसरून पापडासारखा होतो, एखादा घसरून रिझर्व्हॉयरमध्येच पडतो.
- एकच कंडिशन चार वेलमध्ये लावली तर चार वेगळी उत्तरं. विशेषतः प्लेटच्या कडेच्या वेलमध्ये.
- प्रोटीनमध्ये रिझर्व्हॉयर मिसळताक्षणी ढगासारखा पांढरा गाळ.
- क्रायोच्या द्रावणात (गोठवताना बर्फ होऊ नये म्हणून वापरतात ते) टाकल्यावर क्रिस्टल दुधाळ होतो.
- बीमवर गेल्यावर आइस रिंग (बर्फाची वर्तुळं), लांबट फाकलेले डाग, मोझॅइसिटी (क्रिस्टलच्या आतला विस्कळीतपणा) दीड-दोन अंश, आणि ३.५ अँगस्ट्रॉमच्या पुढे अंधार (हा आकडा जितका लहान तितका तपशील बारीक).

शेवटचं लक्षण दिसलं की सगळे क्रायोप्रोटेक्टंटच्या, म्हणजे बर्फ होऊ न देणाऱ्या द्रव्याच्या, मागे लागतात. ग्लिसरॉल वाढव, ग्लायकॉल लाव, साखर घालून बघ. मी पण दोन बीमटाइम (एक्स-रे यंत्रावर मिळालेल्या पाळ्या) असेच घालवलेत. खरी गोष्ट अशी की अल्कोहोलमधला क्रिस्टल बहुतेक वेळा नायट्रोजनला शिवायच्या आधीच गेलेला असतो. झाकण उघडल्यापासून लूप नायट्रोजनमध्ये बुडेपर्यंतचा जो अर्धा-एक मिनिट आहे, तिथे तो मरतो. आपण मात्र पंचनामा नायट्रोजनच्या नावाने करतो. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा: बिघाड उघडण्याआधीचा, उघडल्यानंतरचा, की गोठवल्यानंतरचा?

हे होतं कशामुळे

मीठ किंवा पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) असलेल्या ड्रॉपमध्ये पाणी हळूहळू ड्रॉपकडून रिझर्व्हॉयरकडे जातं, ड्रॉप आटतो, प्रोटीन दाट होतं. अल्कोहोलच्या ड्रॉपमध्ये प्रवास उलटा. प्रोटीन आणि रिझर्व्हॉयर निम्मे-निम्मे मिसळले की ड्रॉपमध्ये अल्कोहोल निम्मंच उरतं. बाकीचं वाफेच्या वाटेने रिझर्व्हॉयरमधून ड्रॉपमध्ये येतं. ड्रॉप आटत नाही, उलट जरा फुगतो. म्हणजे तुमचा क्रिस्टल ज्या अल्कोहोलच्या जिवावर उभा आहे, त्यातलं बरंचसं हवेतून आलंय आणि संधी मिळताच हवेतूनच परत जाणार आहे.

२० अंश सेल्सिअसला शुद्ध आयसोप्रोपेनॉलचा बाष्पदाब साधारण ४.३ किलोपास्कल, पाण्याचा २.३. त्यात आणखी भर अशी की पाण्यात थोडंसं मिसळलेलं आयसोप्रोपेनॉल आपल्या वाट्याच्या मानाने जास्तच हवेत जातं. एक-दोन मायक्रोलिटरचा ड्रॉप, उघडा, वरून एसीचा वारा: किती वेळ टिकणार? अल्कोहोल पृष्ठभागावरून आधी उडतं, तिथला पृष्ठताण वाढतो, आणि त्या ओढीने द्रव फिरायला लागतो. ते भोवरे म्हणजे अल्कोहोल जातंय याची डोळ्यांना दिसणारी पावती. अल्कोहोल कमी झालं की बहुतेक प्रोटीन पुन्हा विरघळू लागतात, म्हणून कडा गोल होतात.

सगळीच नव्हे बरं का. क्रॅम्बिन हे ४६ अमिनो आम्लांचं छोटं प्रोटीन भरपूर इथेनॉलमध्ये विरघळतं आणि इथेनॉल कमी होत गेलं की क्रिस्टल देतं. ८० टक्क्यांचा ड्रॉप ६० टक्क्यांच्या रिझर्व्हॉयरवर ठेवायची त्याची जुनी रीत आहे. त्याच क्रॅम्बिनचा डेटा २०११ मध्ये ०.४८ अँगस्ट्रॉमपर्यंत गेला. तुमचं प्रोटीन यांपैकी कुठल्या जातीचं आहे ते आधी समजून घ्या, नाहीतर खालचे अर्धे उपाय उलटे पडतील.

१. एक ड्रॉप बळी द्या आणि नुसतं बघा

खर्च शून्य. सगळ्यात वाईट क्रिस्टल असलेला वेल निवडा, मोबाइल मायक्रोस्कोपच्या आयपीसला लावून व्हिडिओ सुरू करा, टेप काढा आणि हात मागे घ्या. भोवरे कितव्या सेकंदाला सुरू झाले? कडा कधी बदलली? पहिली चीर कधी? आमच्या एन्झाइमला २५ सेकंद मिळायचे. पंखा बंद करून आणि एसीची झडप दुसरीकडे वळवून ते ४० च्या वर गेले. एवढ्यानेच एका मुलीचा प्रश्न सुटला होता आणि ती माझ्यावर चिडली होती, की हे आधी का नाही सांगितलं.

हे का करायचं? कारण हा आकडा म्हणजे तुमचा हातखर्च आहे. लूप शोधणं, क्रिस्टल पकडणं, बुडवणं, सगळं त्यात बसलं पाहिजे. बसत नसेल तर कुठलाही क्रायोप्रोटेक्टंट तुम्हाला वाचवणार नाही. आणि बंद प्लेटमध्येच क्रिस्टल तडकलेले दिसत असतील तर सरळ ४ आणि ५ कडे जा.

२. बाटलीत किती उरलंय

लेबलवर २२ टक्के लिहिलंय हे खरं, पण ते बाटली बनवली त्या दिवशीचं. स्क्रीनचा (चाचणीच्या तयार द्रावणांचा) ब्लॉक सहा महिने उघडतोय-मिटतोय, अर्धी भरलेली ट्यूब आहे, वरच्या रिकाम्या जागेत वाफ जमते आणि दर उघडण्याला निघून जाते. हिट (पहिला क्रिस्टल) मिळालेली जुनी बाटली आणि तुम्ही ताजी बनवलेली बाटली एकच नसतात. आमची 'रिपीट होत नाही' अशी कंडिशन शेवटी १७ टक्क्यांना परत मिळाली होती. म्हणून ताज्या द्रावणाने १४ पासून २६ पर्यंत दोन-दोन टक्क्यांच्या पायऱ्या लावा.

बनवतानाही गंमत आहे. ५० मिलिलिटर इथेनॉल आणि ५० मिलिलिटर पाणी मिसळलं की १०० होत नाही, ९६-९७ च्या आसपास भरतं. कोणी एकूण माप पुरं करून बनवतं, कोणी नुसती बेरीज करून; वहीत दोघंही ५० टक्केच लिहितात. पिपेटमधूनही अल्कोहोल टपकतं, कारण टिपमधली हवा त्याच्या वाफेने फुगते. टिप दोन-तीनदा भरून-रिकामी करून ओली करा, मग माप घ्या.

रोबोट वापरत असाल तर त्याच्याकडेही संशयाने बघा. आधी सगळे रिझर्व्हॉयर भरायचे आणि मग सावकाश ड्रॉप घालायचे, या काही मिनिटांत पहिल्या आणि शेवटच्या रांगेतलं अल्कोहोल सारखं राहत नाही. अल्कोहोलच्या रांगा शेवटी भरा आणि लगेच टेप लावा.

इथेनॉल असेल तर ते नेमकं कुठलं, हेही बघा. आपल्याकडे शुद्ध इथेनॉलला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, त्यामुळे कपाटात डिनेचर्ड स्पिरिट येऊन बसतं आणि घाईत तेच ओतलं जातं. त्यात मुद्दाम घातलेली द्रव्यं असतात. डायऑक्सेन जुना असेल तर त्यात पेरॉक्साइड साचतात, ते प्रोटीनमधल्या सिस्टीन-मेथिओनिनला ऑक्सिडाइझ करतात आणि साठले तर स्फोटकही ठरतात. जुना डायऑक्सेन स्वतः हाताळू नका, सुरक्षा अधिकाऱ्याकडे द्या.

३. ते प्रोटीनच आहे ना

अल्कोहोलमध्ये फॉस्फेट आणि सल्फेट सहज खाली बसतात. माझ्या डोळ्यांदेखत एकाने कॅल्शियम फॉस्फेटच्या सुयांवर तीन आठवडे घालवले. प्रोटीनच्या बफरमध्ये फॉस्फेट होतं, रिझर्व्हॉयरमध्ये कॅल्शियम, झालं. प्रोटीन न घालता, फक्त त्याचा बफर घालून एक ड्रॉप लावा. तिथेही तेच क्रिस्टल आले तर विषय संपला. शंका उरली तर सुईने दाबा: मिठाचा क्रिस्टल खडीसाखरेसारखा कटकन वाजतो, प्रोटीनचा खव्यासारखा दबतो. मिथिलीन ब्लू घातलं तर प्रोटीनचा क्रिस्टल निळा होत जातो, मिठाचा सहसा पांढराच राहतो. एवढंच.

४. सील आणि प्लेट

लावलेली प्लेट वजनकाट्यावर ठेवा, वजन लिहा, रोज तपासा. याहून स्वस्त गळतीची परीक्षा मला माहीत नाही. वजन रोज घटत असेल तर रिझर्व्हॉयरमधून अल्कोहोल चाललंय, आणि तुमचा क्रिस्टल आज वाढतोय तर पुढच्या आठवड्यात विरघळणार. ग्रीसचं वर्तुळ अखंड हवं. हवा निघायला ठेवलेली फट नंतर दाबून बंद करायला लोक विसरतात. टेप कडेला नखाने घासून बसवा. रिझर्व्हॉयर मोठा ठेवा, ५०० मायक्रोलिटरपेक्षा कमी नको.

अ‍ॅसिटोन, अ‍ॅसिटोनायट्रिल किंवा डायऑक्सेन असेल तर पॉलिस्टायरीनची प्लेट वापरूच नका. ती मऊ पडते, धुरकट होते, आणि त्या धुरकटपणाला लोक प्रोटीनचा गाळ समजतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा काच घ्या. टेपचा गोंदही अशा वाफेत सुटू शकतो, म्हणून काचेची स्लिप आणि ग्रीस बरं.

ड्रॉप पसरत असेल तर प्रोटीनला बोल लावू नका. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, आणि वीसेक टक्के आयसोप्रोपेनॉल पडलं की तो ३० च्या आसपास येतो. लटकता ड्रॉप धरून ठेवणारी पकडच गेली. सिटिंग ड्रॉपला (थेंब लटकता नाही, खाली बसवलेला) जा. मी अल्कोहोलसाठी हँगिंग ड्रॉप कधीच सोडून दिलाय.

आणि तो मिसळताक्षणी येणारा गाळ? पिपेटच्या तोंडाशी अल्कोहोल क्षणभर खूप दाट असतं, तिथे प्रोटीन खाली बसतं. सोपा उपाय: ड्रॉपमध्ये अल्कोहोल घालूच नका. प्रोटीनबरोबर फक्त मीठ-बफर मिसळा, अल्कोहोल रिझर्व्हॉयरमध्ये ठेवा. ते आपलं आपण वाफेतून येईल, सावकाश.

५. तापमान

जेम्स समनरने १९२६ मध्ये युरिएझचे क्रिस्टल काढले, कुठल्याही एन्झाइमचे ते पहिले क्रिस्टल. जॅक बीनच्या पिठाचा अर्क त्याने ३२ टक्के अ‍ॅसिटोनमध्ये काढला आणि रात्रभर थंडीत ठेवला. जॅक बीन म्हणजे आपल्या अबईच्या शेंगेची भावकी. वाफाळणाऱ्या द्रवाची आणि थंडीची जोडी तेव्हापासूनची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडविन कोनने रक्तद्रवातून अल्ब्युमिन वेगळं केलं तेही थंड इथेनॉलनेच, शून्याखालच्या तापमानाला.

कारण दोन. गरम अल्कोहोल प्रोटीनची घडी मोडतं. शिवाय अल्कोहोल-पाणी मिसळताना उष्णता सुटते, म्हणून दोन्ही आधी थंड करून मिसळा. दुसरं, ४ अंशाला आयसोप्रोपेनॉलचा बाष्पदाब २० अंशाच्या साधारण एक तृतीयांश उरतो. म्हणजे उघड्या ड्रॉपपाशी तुमचे २५ सेकंद एक-सव्वा मिनिटापर्यंत लांबू शकतात. ड्रॉप ४ अंशाला वाढवा आणि मासेमारीही, म्हणजे लूपने क्रिस्टल पकडणंही, तिथेच करा. थंडीत वाढवून टेबलावर आणून उघडणं हा सगळ्यात महागडा आळस आहे.

पुण्यात मे महिन्यात लाइट गेली की इन्क्युबेटर दोन तासांत तीसच्या वर जातो आणि परत येतो. असा एक हेलकावा झाला की झाकणाच्या आतून दव धरतं, ते ड्रॉपमध्ये पडतं. प्लेटजवळ कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर ठेवा. शंभर वेळा इन्क्युबेटरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा बरं.

एक सक्त सूचना. आयसोप्रोपेनॉलची वाफ १२ अंशापासूनच ठिणगीने पेट घेऊ शकते. उघड्या बाटल्या घरगुती फ्रिजमध्ये ठेवू नका, त्याच्या आतल्या स्विचमध्ये ठिणगी पडते. कोल्ड रूममध्ये तीच हवा फिरत राहते, तिथे दोन-चार मिलिलिटरच्या वर उघडं ठेवू नका.

६. रिकाम्या लूपची परीक्षा

क्रिस्टल लागत नाही, बीमही लागत नाही. नुसतं मदर लिकर (क्रिस्टलभोवतीचं द्रावण) लूपमध्ये घ्या, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवा, बघा. काचेसारखं पारदर्शक राहिलं तर ठीक. दुधाळ झालं तर बर्फ. आमचं २२ टक्क्यांचं लिकर दुधाळ व्हायचं, त्यात १५ टक्के एथिलीन ग्लायकॉल घातलं की काच.

पण इथेच अल्कोहोल फसवतं. लूपमधली पातळ फिल्म हवेत धरली की सेकंदागणिक अल्कोहोल उडतं. त्यामुळे हीच परीक्षा तीन वेळा करा: लगेच बुडवून, पाच सेकंद थांबून, दहा सेकंद थांबून. लगेचची फिल्म पारदर्शक आणि दहा सेकंदांची दुधाळ, असं झालं तर तुमची काच अल्कोहोलच्या भरवशावर उभी आहे आणि प्रत्यक्ष मासेमारीत ती फुटणार. माझा ठोकताळा असा: अल्कोहोल उडून गेलंय असं धरूनच न उडणारा भाग ठरवा. ग्लायकॉल, ग्लिसरॉल किंवा एमपीडी (मिथाइल पेंटेनडायॉल) एकट्याच्या जिवावर पुरेल इतकं असू द्या. एमपीडी १९७ अंशाला उकळतो, तो कुठे पळत नाही.

७. उघडण्याची रीत

आत्तापर्यंत काही सापडलं नसेल तर बिघाड बहुधा हातात आहे.

टेप पूर्ण काढू नका. धारदार स्काल्पेलने त्या एकाच वेलवर व्ही आकाराची चीर द्या, पापुद्रा वर उचला. शेजारचे वेल बंदच राहतात. नाहीतर पहिल्या ड्रॉपमध्ये तुम्ही रमलेले असताना बाकीचे तेवीस मरत असतात. चीर देण्याआधी सगळं मांडून ठेवा: क्रिस्टलच्या मापाचा लूप कांडीवर चढवलेला, नायट्रोजन भरलेला, क्रायोचं द्रावण शेजारच्या झाकलेल्या वेलमध्ये. लूप मोठा घेतला तर भोवती जास्त द्रव येतो, जास्त द्रव म्हणजे सावकाश गारठणं आणि जास्त बर्फ.

पापुद्रा उचलताच पहिलं काम क्रिस्टल पकडणं नव्हे. ५ ते १० मायक्रोलिटर स्थिर करणारं द्रावण ड्रॉपवर सोडा. त्यात अल्कोहोल रिझर्व्हॉयरपेक्षा ३ ते ५ टक्के जास्त ठेवा, म्हणजे उडालं तरी पातळी खाली जात नाही. आणि प्रोटीनच्या बफरमधलं मीठ विसरू नका, ते ड्रॉपमध्ये असतं पण रिझर्व्हॉयरमध्ये नसतं. क्रिस्टल रिझर्व्हॉयरच्या द्रावणात टाकल्यावर तडकतो ते कित्येकदा नेमकं याच कारणाने, आणि आपण बसतो ग्लिसरॉलला शिव्या देत.

मायक्रोस्कोपच्या मंचावर छोटा तंबू करा: पेट्री डिशच्या झाकणाला हात जाईल एवढं भोक, आत त्याच टक्क्याच्या अल्कोहोलमध्ये भिजवलेला टिश्यू. दिसायला गबाळं, पण आमच्या २५ सेकंदांचे दीड मिनिट याने झाले. ड्रॉपवर तेल सोडण्याचाही उपाय आहे. पॅराफिन तेलातून आयसोप्रोपेनॉल हळूहळू निसटतं, म्हणून तेलाने वेळ वाढतो, थांबत नाही. क्रिस्टल तेलात ओढून भोवतालचं पाणी पुसून काढता आलं तर वेगळा क्रायोप्रोटेक्टंट लागतही नाही. हॉकन होपने १९८८ मध्ये तेलात गुंडाळून क्रिस्टल गोठवायची रीत मांडली ती हीच.

८. क्रायोसुद्धा वाफेतून

ही माझी आवडती पायरी. अल्कोहोल उडतं हा दोष असला तरी त्याच वाटेने ते आणताही येतं. क्रिस्टलला हात न लावता रिझर्व्हॉयरमध्ये अल्कोहोल वाढवा, सील करा, रात्रभर थांबा. २२ टक्क्यांच्या ५०० मायक्रोलिटर रिझर्व्हॉयरमध्ये २७ मायक्रोलिटर शुद्ध आयसोप्रोपेनॉल घातलं की ते २६ टक्क्यांच्या आसपास येतं. दुसऱ्या रात्री ३०, मग ३५. प्रत्येक पायरीला एक व्हिडिओ. क्रिस्टलला कळतही नाही अशा संथपणे ड्रॉप बदलतो. ड्रॉपमध्ये मीठ बसायला लागलं किंवा वर साय धरली तर एक पायरी मागे या.

ग्लिसरॉल मात्र असं जाणार नाही. ते वाफेतून प्रवास करत नाही. रिझर्व्हॉयरमध्ये घातलं तर फक्त ड्रॉपमधलं पाणी ओढून घेतं. ते हवं असेल तर वाढवतानाच ५ ते १० टक्के घाला आणि अल्कोहोल थोडं वर न्या, कारण ग्लिसरॉलमुळे नवे क्रिस्टल कमी आणि उशिरा फुटतात. शॉवर (एकदम असंख्य बारीक क्रिस्टल) येणाऱ्यांना तर हे वरदान आहे.

९. न गोठवता एक फोटो

इथून पुढे बीम लागतो. क्रिस्टल लूपमध्ये घ्या, वर बारीक प्लास्टिकची नळी चढवा, नळीच्या टोकाला मदर लिकरचा थेंब ठेवा आणि खोलीच्या तापमानाला दोन-चार फ्रेम काढा. या तापमानाला क्रिस्टल बीममध्ये लवकर खलास होतो, पूर्ण डेटाची हाव धरू नका.

याशिवाय क्रायोबद्दल बोलणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. खोलीच्या तापमानाला २.२ अँगस्ट्रॉम आणि गोठवल्यावर ४? मग क्रायोचा दोष. इथेही ४ च? मग पुन्हा २ ते ७ करा, किंवा क्रिस्टलच तेवढा आहे हे मान्य करा.

चीर पडलेला क्रिस्टल लगेच टाकू नका, त्याचीही एक फ्रेम घ्या. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन यांच्या गटाने १९८० च्या दशकात दाखवलं की भोवतालची आर्द्रता ठरावीक पातळीखाली नेली की लायसोझाइमसारख्या प्रोटीनचा क्रिस्टल दुसऱ्या रूपात जातो आणि तरीही डिफ्रॅक्शन (एक्स-रेचे डाग) देतो. सुकणं नेहमीच मरण नसतं.

१०. नायट्रोजनपाशी

द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला असतो, पण त्याच्यावर थंड वायूचा थर तरंगतो. लूप सावकाश खाली नेला तर क्रिस्टल त्या थरातच गोठतो, हळू, आणि हळू म्हणजे बर्फ. भांडं काठोकाठ भरा, बुडवण्याच्या क्षणी तो थर कोरड्या नायट्रोजनच्या झोताने बाजूला करा, सरळ झपकन बुडवा.

फ्रेमवर ३.९, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमला तीन तीक्ष्ण वर्तुळं म्हणजे षटकोनी बर्फ. तो आतला की बाहेरचा? जुलै-ऑगस्टात आमच्याकडे बाहेरचाच जास्त: हवेतलं दव लूपवर बसतं, जुना नायट्रोजन पांढरा गढूळ होतो. लूपवर थोडा ताजा नायट्रोजन ओता, वर्तुळं फिकी पडली तर ते हिम होतं. राहिली तर आतला बर्फ, पुन्हा ६ कडे.

११. शेवटचे दोन प्रयोग

अ‍ॅनीलिंग: गोठलेल्या क्रिस्टलवरचा थंड झोत तीन-पाच सेकंद कार्डाने अडवा, परत सोडा. मोझॅइसिटी कधी अर्धी होते, कधी क्रिस्टल संपतो. अल्कोहोलच्या क्रिस्टलला मी हे फक्त शेवटचा म्हणून ठेवलेल्या क्रिस्टलवर करते, कारण त्या सेकंदांतही अल्कोहोल उडतंच. ग्लुटराल्डिहाइडच्या वाफेने क्रिस्टल हलका जोडून घेता येतो, ड्रॉपशेजारी त्याचा थेंब ठेवून. बफरमध्ये ट्रिस किंवा अमोनियम असेल तर तेच ते खाऊन टाकतं. फ्यूम हूडबाहेर ती बाटली उघडू नका.

कुठे थांबायचं

१ ते ८ नीट करून, दोन वेगळ्या प्रोटीन बॅचनी, खोलीच्या तापमानालाही ४ अँगस्ट्रॉमच्या पुढे काही येत नसेल तर क्रायोवर वेळ घालवू नका. प्रोटीन बदलायची वेळ झालीय: टोकं छाटा, दुसऱ्या जीवातलं तेच प्रोटीन घ्या, किंवा मिळालेल्या क्रिस्टलचं बी करून एमपीडी किंवा पीईजीमध्ये पेरा. हा निर्णय एकट्याने घेऊ नका, ज्याने अनेक स्ट्रक्चर सोडवलीत अशा माणसाशी बोला.

खोलीच्या तापमानाला छान, गोठवल्यावर वाईट, आणि सहा-आठ क्रिस्टल संपले: बीमलाइनच्या शास्त्रज्ञाला गाठा. आपल्याकडे इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ वर पीएक्स-बीएल२१ ही प्रोटीन क्रिस्टलोग्राफीची बीमलाइन आहे. बीमटाइमच्या आदल्या रात्री नव्हे, अर्ज करतानाच त्यांना सांगा की क्रिस्टल अल्कोहोलमधला आहे.

आणि काही गोष्टींना हातच लावायचा नाही. ड्युअरच्या (द्रव नायट्रोजनच्या भांड्याच्या) बाहेरच्या अंगावर बर्फ किंवा घाम आला म्हणजे त्याचा व्हॅक्यूम गेलाय. ते बाजूला ठेवा, पुरवठादाराला बोलवा. थंड झोताच्या नळीला आतून बर्फ धरला किंवा यंत्र तापमानाची चूक दाखवतंय तर इंजिनिअर. एक्स-रेचा इंटरलॉक (सुरक्षेसाठी आपोआप बंद करणारी कळ) वारंवार पडतोय तर तो वळसा घालून चालवायचा नाही, कधीच नाही. एक लिटर द्रव नायट्रोजनचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो: लिफ्टमध्ये ड्युअरबरोबर उभं राहू नका, आणि खोलीतला ऑक्सिजन मीटर वाजला तर क्रिस्टल सोडून बाहेर पडा.

कोणाकडे मदत मागायला गेलात तर रिकाम्या हाताने जाऊ नका. पहिल्या पायरीचा व्हिडिओ, खोलीच्या तापमानाची एक फ्रेम, गोठवलेली एक फ्रेम, रिकाम्या लूपचे तीन फोटो आणि प्रोटीनच्या बफरची खरी यादी, मिठासकट. एवढं असलं की माझ्याशी तरी बोलणं दहा मिनिटांत संपतं.